दोन छपरं, फजिती ऐका

माझ्या गाडीला दोन छपरं आहेत. एक कापडी, एक कडक. एका वेळी कामाला एकच येतं, उस्तवार मात्र दोघांची बारा महिने करावी लागते. ‘दोन बायका, फजिती ऐका’ हे लहानपणापासून ऐकत आलोय. छपरांबद्दल कोणी सावध केलं नव्हतं.

गाडी म्हणजे माझदाची मिआटा. १९८९ साली शिकागोच्या मोटार शोमध्ये ती पहिल्यांदा लोकांना दिसली, तेव्हा मी चौथीत होतो आणि आमच्या घरी लूना होती. माझ्याकडे आहे ती २००३ सालची, गडद निळी, दोन माणसं बसतील एवढीच. तीन माणसांच्या कुटुंबानं दोन माणसांची गाडी का घ्यावी, या प्रश्नाचं उत्तर मी अजून बायकोला देतो आहे.

राहतो मिशिगनमध्ये. म्हणजे छप्पर उघडून फिरण्याचे दिवस साधारण साखरपुडा ते लग्न एवढेच. नोव्हेंबरात बर्फ सुरू होतो आणि तो वितळवायला रस्त्यावर मीठ पडायला लागतं. डेट्रॉइट शहराच्या पोटातच, हजारेक फूट खाली मिठाची खाण आहे, त्यामुळे मीठ टाकताना इथे कोणी हात आखडत नाही. कैरीला चोळावं तसं चार महिने गाडीला मीठ चोळलं जातं. शहाणी माणसं असली गाडी हिवाळाभर झाकून ठेवतात. मला ती रोज ऑफिसला न्यायची होती. म्हणून कापडी छपराचा जीव वाचावा यासाठी मी जुनं कडक छप्पर शोधलं, गाडीच्या किमतीच्या निम्मे पैसे मोजून आणलं आणि बसवलं. पुढं दोन खिट्ट्या, बाजूला दोन, मागं दोन बोल्ट. काम फत्ते.

एप्रिलमध्ये ते उचललं आणि माझा चेहरा उतरला. मागच्या पत्र्यावर, जिथे छपराचं रबरी सील टेकतं तिथे, या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटभर रुंदीचा मंद, दुधाळ पट्टा. नवऱ्या मुलीच्या कपाळावर मुंडावळ्यांनी घासून वळ उठावा तसा.

रबर मऊ असतं, त्यानं काय होणार, असा माझा समज होता. आणि खरंच, रबरानं काहीच केलं नव्हतं. केलं रबराखाली अडकलेल्या रेतीनं. अशा उघड्या गाडीला वरून बांधून धरणारं पक्कं टप नसतं, त्यामुळे खड्ड्यात गेली की तिचं अंग थोडं पिळवटतं. कडक छप्पर आपल्या जागी ताठ. दोघांच्या मध्ये रबर, रबराखाली बारीक वाळू आणि मीठ. पाच महिने पाटा-वरवंटा चालू होता आणि मी आत हीटर लावून गाणी ऐकत होतो. गाडीच्या रंगावर जो पारदर्शक थर असतो तो चाळीस-पन्नास मायक्रॉनचा, म्हणजे डोक्यावरच्या केसाहून पातळ. वाटायला तिथे उरतं काय! दोष सगळा माझा. गाडी न पुसता, छप्पर नुसतं वरून ठेवून मी मोकळा झालो होतो.

ज्याच्यासाठी हा खटाटोप केला त्या कापडी छपराकडे मग वळलो. ते सीटांमागे घडी घालून ठेवलं होतं. ठेवताना किंचित दमट होतं, एवढंच. उघडल्यावर श्रावणात दोरीवर आठ दिवस न वाळलेल्या चादरीचा वास आला. घड्यांवर बुरशीचे पांढरे ठिपके, सांगाड्याचा सांधा जिथे टेकला होता तिथे कापड विरलेलं. शिवाय थंडीत ते आकसलं होतं. पुढची खिट्टी काचेच्या चौकटीपर्यंत पोचेना, दोन बोटं कमी. लग्नातल्या सुटाचं बटण मी दर दिवाळीत लावून बघतो, तेव्हा असंच अंतर उरतं. शेवटी गाडी दुपारभर उन्हात ठेवली, कापड सैलावलं, आणि मी ओढतोय, बायको वरून दाबतेय, अशा अवस्थेत एकदाची खट्ट झाली.

पुढच्या वर्षी मात्र सगळं रीतसर करायचं ठरवलं. ऑक्टोबर संपत आला होता आणि सासरे आमच्याकडे होते. सांगलीचे. एसटीच्या वर्कशॉपमध्ये तेहतीस वर्षं काढलेली. सहा महिन्यांचा मुक्काम संपत आलेला, बघण्यासारखं सगळं बघून झालेलं, हातांना काम नव्हतं. मी गॅरेजमध्ये गेलो की स्टूल घेऊन मागोमाग हजर.

आधी गाडी धुतली. मग रंगात रुतलेले कण काढायला मिळते ती खास मातीची वडी फिरवली. बायको चहा घेऊन आली, बघत राहिली आणि म्हणाली, “मातीनं गाडी साफ करतोयस?” मग फिल्म. ही पारदर्शक, चिवट, टाचणीच्या जाडीएवढीही नसलेली फिल्म. ती लहान मुलांचा शाम्पू घातलेल्या पाण्यावर तरंगत बसवायची आणि मग रबरी पट्टीनं पाणी बाहेर सारायचं. वाचायला सोपं आहे. प्रत्यक्षात एक बुडबुडा इकडून दाबला की तिकडे वर येतो. सापडलेलं झुरळ आणि हा बुडबुडा यांत जास्त बेरकी कोण, सांगता येणार नाही.

बाबा बराच वेळ गप्प होते.

“जावईबापू, हे काय?”

“फिल्म, बाबा. रंगावर ओरखडे पडू नयेत म्हणून.”

“कशाचे?”

“वरच्या छपराचे.”

“आणि वरचं छप्पर कशाला?”

“खालचं कापडी छप्पर खराब होऊ नये म्हणून.”

“आणि ते?”

“गाडी भिजू नये म्हणून.”

“पण गाडी घेतली कशाला?”

“उघड्यावर फिरायला.”

त्यांनी थोडा विचार केला. “मग माझी बजाजची एम-एटी काय वाईट होती?”

यावर मी एक बुडबुडा दाबला.

फिल्म बसली. कापडी छप्पर दोन दिवस पंखा लावून खडखडीत वाळवलं, घड्यांमध्ये जुने टॉवेल घातले, म्हणजे काच आणि सांगाडा कापडाला थेट घासणार नाहीत. राहिलं रबर. सीलला सिलिकॉनचं ग्रीस बोटानं हलकं चोळायचं, म्हणजे ते चिकटत नाही आणि कुरकुरत नाही. अर्धं झालं आणि ऑफिसचा फोन आला. अर्ध्या तासानं परत येतो तर उरलेलं अर्धं सील लखलखत होतं आणि बाबा हात पुसत होते.

“तुमची ती ट्यूब संपत आली होती. मी खोबरेल लावलं. जरा जास्तच लावलंय. कोरडं पडलं होतं हो बिचारं.”

काय बोलणार? लेकीच्या केसांना वर्षानुवर्षं लावलेला हात तो. मी “बरं केलंत” म्हणालो.

आता खोबरेल चोवीस अंशांच्या खाली थिजतं, हे पुण्या-सांगलीतल्या कुठल्याही घराला माहीत आहे. डिसेंबरात बाटली बंबापाशी ठेवावी लागते. त्या रात्री इथे शून्याखाली तीन होतं. सकाळी सीलवर पांढरी साय धरली होती आणि गॅरेजला अभ्यंगस्नानाचा वास येत होता. सायीत दोन मेपलची पानं, एक मुंगी आणि भरपूर धूळ. धूळ म्हणजे परत पाटा-वरवंटा. कोमट साबणाच्या पाण्यानं सगळं पुसायला माझा रविवार गेला. बाबा बाजूला बसून म्हणत होते, “हिवाळ्यात तिळाचं चाललं असतं.”

छप्पर चढवायचा दिवस आला. वजन फार नाही, वीसेक किलो. देशी दुकानातल्या वीस पौंडी बासमतीच्या दोन पिशव्या उचलाव्यात एवढंच. पण बासमती घरात आणताना नवरा-बायकोनं एकाच क्षणी, एकाच उंचीवर, एकाच दिशेनं चालावं अशी अट नसते. आम्ही सोळा वर्षांत कधी सोफासुद्धा न भांडता हलवलेला नाही. पट्ट्याच्या बकलानं दारावर रेघ उठते, म्हणून मी पट्टा काढलेला. त्यामुळे एक हात छपराला आणि एक पँटला. तिनं बांगड्या-अंगठ्या उतरवलेल्या.

“उचल.”

“कधी? आत्ता?”

“थांब, माझ्याकडे कलतंय.”

“अरे मग तुझी बाजू वर घे ना!”

स्टुलावरून हुकूम आला, “दोघं गप्प बसा. मी बोलतो तेव्हा उचला. गणपती बाप्पा...”

“मोरया!” आमच्या तोंडातून आपोआप निघालं, आणि छप्पर वर. मराठी माणसाला जड वस्तू एकदिलानं उचलण्याची दुसरी पद्धत येतच नाही. समोरचे शेजारी पानं गोळा करता करता थांबून बघायला लागले.

“आता टेकवा. टेकवा म्हणतोय, सरकवू नका!”

हे मात्र लाख मोलाचं. मागची कड आधी सरळ खाली टेकवायची, मग पुढची. इंचभर जरी ओढत नेलं तरी फिल्म, माती, शाम्पू सगळं पाण्यात. बोल्टही बाबांनीच आवळले. “हातानं बसेल तेवढं बसवा, मग पान्यानं पाव फेरा. सैल ठेवलं तर खुळखुळतं आणि घासतं. जास्त पिळलं तर रबर चेपतं.” त्या पाव फेऱ्यात त्यांची तेहतीस वर्षं होती. चौथ्या दिवशी ते सांगलीला गेले, आणि जाताना सासूबाईंनी पाठवलेली गोधडी देऊन गेले. नातीसाठी.

एप्रिलमध्ये आम्ही दोघांनीच मोरया म्हणून छप्पर उतरवलं. फिल्म सगळीकडून ओरबाडलेली. कोपरा सोलून बघितला तर खालचा रंग आरशासारखा. मी नाचायचाच बाकी.

“म्हणजे फिल्म खराब झाली,” बायको म्हणाली.

“तिचं कामच ते.”

“मग तिच्यावरही काहीतरी लावायचंस.”

उतरवलेलं छप्पर उभं करून ठेवायला चाकांची घोडी केली. त्याच्या काचेला ओरखडे नकोत म्हणून वर गोधडी टाकली. लेक म्हणाली, आजीची गोधडी मळेल. म्हणून गोधडीवर प्लॅस्टिक. एवढं सगळं झाल्यावर लक्षात आलं की बर्फ ढकलायचं यंत्र, सहा सुटकेसा, गणपतीची आरास आणि गोधडीतलं छप्पर यांच्यातून आता गाडी काही गॅरेजमध्ये शिरत नाही. ती बाहेर उभी राहायला लागली.

जूनमध्ये एका रात्री अडीचला वीज कडाडली. संध्याकाळी छान वारा होता म्हणून मी कापडी छप्पर उघडंच ठेवलं होतं. तसाच अनवाणी धावलो. छप्पर ओढलं, पुढं आणलं, खिट्टी लावायला गेलो. दोन बोटं कमी. मी पावसात, सीटवर गुडघे रोवून, सगळं अंग टाकून ओढतोय, तेवढ्यात वरची खिडकी उघडली.

“अरे, गॅरेजचं दार लावलंयस ना? गोधडी भिजेल!”