'फक्त इम्पीरियल हॉटेल उभं राहिलं' हे खरं नाही

"1923 च्या भूकंपात सगळं टोकियो कोसळलं, पण फ्रँक लॉइड राइटचं इम्पीरियल हॉटेल जागचं हललं नाही. कारण त्याचा पाया चिखलावर जहाजासारखा तरंगत होता." हा मजकूर फोटोसकट पुन्हा पुन्हा फिरतो. राइट हा अमेरिकन वास्तुरचनाकार मला मनापासून आवडतो, म्हणूनच हे खोटं श्रेय जास्त खटकतं.

आधी 'फक्त' हा शब्द. 1914 चं टोकियो स्टेशन उभं राहिलं. नाइतो ताचू या अभियंत्याने रचना केलेली इंडस्ट्रियल बँकेची नवीकोरी इमारतही जवळपास धडधाकट राहिली. पुढे टोकियो टॉवर उभा करणारा हाच माणूस या मजकुरात कुठेच नसतो, याचं मला फार वाईट वाटतं. शिवाय शहर बेचिराख झालं ते मुख्यतः आगीने. सुमारे 1,05,000 माणसं गेली, त्यातली बहुतेक जळून.

हॉटेल जागचं हललं नाही, हेही चूक. त्याचा मधला भाग खचला, काही ठिकाणी जमिनी फुगल्या. हानी तुलनेने कमी होती, इतकंच. राइट आदल्या वर्षीच अमेरिकेला परतला होता. हॉटेलशी संबंधित उद्योगपती ओकुरा यांच्या नावाने त्याला तार आली: हॉटेल शाबूत आहे, तुमच्या प्रतिभेचं स्मारक म्हणून उभं आहे. ती छापून आली आणि दंतकथा झाली.

आता पाया. वरचा सुमारे 8 फुटांचा मातीचा थर, खाली खोल गाळ. राइटने आखूड खांब वरच्या थरातच ठेवले. गाळ धक्के पचवेल असा त्याचा होरा होता. प्रत्यक्षात मऊ गाळ हादरे वाढवतो. पुढची कित्येक वर्षं हॉटेल कमी-जास्त खचत राहिलं आणि 1968 पर्यंत ते पाडलं गेलं. म्हणजे ज्या पायाचं एवढं कौतुक होतं, तीच त्याची कमकुवत बाजू होती.

राइटचं खरं कसब दुसरीकडे होतं. भिंती खाली जाड आणि वर निमुळत्या, जड कौलांऐवजी तांब्याचं हलकं छप्पर, लांबलचक इमारतीचे सांधे सोडून केलेले सुटे भाग. आणि दर्शनी भागासमोरचं तळं. आग जवळ आली तेव्हा त्याच तळ्याचं पाणी वापरून हॉटेल वाचवलं गेलं.