लाल गाडीला डिझेलचा हात मारू नका

ग्रुपवर फिरतंय की लाल गाडी फिक्की पडली तर डिझेल नाहीतर खोबरेल तेलाचा हात मारा, रंग परत येतो. नाही येत हो! तेलाने दोन दिवस चमक दिसते, मग त्यावर धूळ चिकटते आणि तीच पुसताना बारीक ओरखडे पडतात. लाल रंग उडतो तो उन्हातल्या अल्ट्राव्हायोलेटमुळे, पिगमेंटच (रंग देणारा घटक) तुटतं. क्लिअरकोट (रंगावरचा पारदर्शक थर) नसलेल्या जुन्या गाडीवर पॉलिश घासलं की फडकं लाल होतं, म्हणजे वरचा खराब थर निघतोय, तिथे खरंच फरक पडतो. पण क्लिअरकोट सोलून पांढरे चट्टे आले असतील तर रिपेंटच. गाडी धड आहे तोवर सावलीत लावा, कार शाम्पूने धुवा, दोन-तीन महिन्यांनी वॅक्स मारा.