तडा बुजला म्हणजे वीज परत आली, असं नाही

‘भारतीय शास्त्रज्ञांनी स्वतःहून जुळणारा स्फटिक शोधला, आता कंपनांवर वीज करणारी उपकरणं कधीच निकामी होणार नाहीत,’ असा मजकूर सगळीकडे फिरतोय. शोध खरा आहे. आयसर कोलकाता आणि आयआयटी खरगपूरचं हे काम २०२१ मध्ये ‘सायन्स’ या संशोधन नियतकालिकात आलं. पुढचं सगळं तपासून घ्यावं लागतं.

‘तुटलं की आपोआप जुळतं.’ या शोधातला, बायपायराझोल नावाच्या सेंद्रिय संयुगाचा स्फटिक मोडला की तुटलेल्या पृष्ठांवर विरुद्ध विद्युतभार राहतात आणि त्या ओढीने तुकडे काही मिलिसेकंदांत जुळतात. पण तुकडे ओढीच्या टप्प्याबाहेर गेले की खेळ संपला. दुकानात मिळणाऱ्या पितळी पायझो (दाबलं-वाकवलं की वीज देणाऱ्या) चकतीतलं सिरॅमिक वेगळं. त्याला हा गुण नाही.

‘कितीही वेळा भरतं.’ तडा भरण्याच्या पद्धतीवर अवलंबून आहे. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या गटाने २००१ मध्ये एपॉक्सी या प्लास्टिकसारख्या पदार्थात तडा भरणाऱ्या द्रवाच्या सूक्ष्म कुप्या मिसळून ७५ टक्क्यांपर्यंत चिवटपणा परत मिळवला, पण फुटलेली कुपी पुन्हा भरत नाही. पुन्हा पुन्हा जुळणारे बंध असलेले पॉलिमर (लांब साखळ्यांसारख्या रेणूंचे पदार्थ) आहेत. मात्र खोलीच्या तापमानाला जुळायचं तर साखळ्या हलत्या हव्यात, म्हणजे पदार्थ मऊ आणि सततच्या ताणाखाली हळूहळू लांबणारा.

खरी गोची इथेच आहे. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून ट्रान्सफॉर्मरची गुणगुण १०० हर्ट्झची. तिच्या कंपनावर वीज करायला जुळवलेल्या पायझो पट्टीचा ताठपणा तडा भरून आल्यावर १० टक्के कमी राहिला, तर तिची स्वाभाविक वारंवारता साधारण ९५ हर्ट्झवर घसरते. अशा पट्ट्या ज्या वारंवारतांवर नीट वीज देतात, तो टप्पा बहुधा एकदोन हर्ट्झचाच असतो. पट्टी दिसायला अखंड, वीज जवळपास नाही. टोकाचं वजन थोडं कमी करून ती पुन्हा १०० वर आणता येते. पण ते हाताने करायचं असेल तर ‘आपोआप’ काय राहिलं?

‘९५ टक्के क्षमता परत.’ कशाची? व्होल्टेज ९५ टक्के असेल, तर त्याच रोधावर (रेझिस्टरवर) शक्ती ९० टक्केच. काहीही न जोडता, उघड्या टोकांचं व्होल्टेज दाखवणारे आकडे बाजूला ठेवा. तुटण्याआधी आणि नंतर, एकाच धक्क्याला, एकाच रोधावर मोजलेली शक्ती मागा. कपॅसिटन्सही (विद्युतभार साठवण्याची क्षमता) मोजा. तो घसरला असेल तर बहुधा इलेक्ट्रोडचा (वीज गोळा करणाऱ्या पृष्ठावरच्या थराचा) एखादा भाग तुटून सुटलाय.

इलेक्ट्रोडचा विचार तर या मजकुरांत नसतोच. धातूचा पातळ थर स्वतःहून जुळत नाही. त्याऐवजी गॅलियम-इंडियमचा द्रव मिश्रधातू वापरतात, कारण तो साधारण १५.५ अंश सेल्सिअसच्या वर वाहता असतो. फक्त जोडणीला अॅल्युमिनियमची पट्टी नको: गॅलियम त्यात शिरून ती ठिसूळ करतं.