लायन्सची २०२३ ची पहिली फेरी वाया गेली, हे म्हणणे हिशेबात बसत नाही

अमेरिकी फुटबॉलमधील डेट्रॉइट लायन्स या संघाच्या २०२३ च्या ड्राफ्टबद्दल (संघांनी महाविद्यालयीन खेळाडू आळीपाळीने निवडण्याच्या प्रक्रियेबद्दल) एक मत इतक्या वेळा आणि इतक्या ठामपणे मांडले गेले आहे की ते तपासून पाहण्याची गरजच कुणाला वाटेनाशी झाली आहे. ते मत थोडक्यात असे: लायन्सनी पहिल्या फेरीतील दोन्ही निवडी वाया घालवल्या, बाराव्या क्रमांकावर रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) जहमीर गिब्ज आणि अठराव्या क्रमांकावर मधला लाइनबॅकर (बचावाच्या मधोमध उभा राहणारा) जॅक कॅम्पबेल घेणे ही चैन होती, हे दोघेही नंतर सहज मिळाले असते, त्यांच्याऐवजी बचावाच्या आघाडीच्या फळीतला जेलन कार्टर किंवा कॉर्नरबॅक (पास झेलणाऱ्यांना अडवणारा) क्रिस्तियन गोन्झालेझ घ्यायला हवा होता, आणि दुसऱ्या फेरीत सॅम लापोर्टा व बचावपटू ब्रायन ब्रँच नशिबाने हाती लागले म्हणून जनरल मॅनेजर ब्रॅड होम्स यांची लाज राखली गेली. मी या संघाचा चाहता आहे आणि हे लिहिताना ते लपवण्याचे मला कारण दिसत नाही. मात्र पुढील मुद्दे मान्य करण्यासाठी वाचकाने लायन्सचा चाहता असण्याची गरज नाही.

सुरुवात नशिबाच्या मुद्द्यापासून करावी लागते, कारण बाकीचे सगळे आक्षेप त्याच्याच आधारावर उभे आहेत. लायन्सकडे मुळात सहावी निवड होती. २०२१ मध्ये क्वार्टरबॅक (आक्रमण चालवणारा, पास फेकणारा) मॅथ्यू स्टॅफर्डला लॉस एंजेलिस रॅम्सकडे देताना जे मिळाले, त्यातलाच हा एक भाग होता. २७ एप्रिल २०२३ रोजी कॅन्सस सिटीत ड्राफ्ट सुरू झाल्यावर लायन्सनी ही सहावी आणि त्यासोबत ८१ वी निवड ॲरिझोना कार्डिनल्सना दिली आणि त्यांच्याकडून बारावी, ३४ वी व १६८ वी निवड घेतली. बाराव्या क्रमांकावर अलाबामा विद्यापीठाचा जहमीर गिब्ज आला आणि दुसऱ्या दिवशी ३४ व्या क्रमांकावर आयोवाचा टाइट एंड (अडवणे आणि पास झेलणे अशी दोन्ही कामे करणारा) लापोर्टा आला. म्हणजे ज्या लापोर्टामुळे हा ड्राफ्ट वाचला असे सांगितले जाते, तो ज्या सौद्याला नावे ठेवली जातात त्याच सौद्यातून आला. गिब्जला वेगळा काढून तोट्याच्या बाजूला आणि लापोर्टाला वेगळा काढून नशिबाच्या खात्यात टाकणे, हे एकाच व्यवहाराची दोन पाने वेगवेगळ्या वह्यांत लिहिण्यासारखे आहे. लायन्सनी टी. जे. हॉकेन्सन या आपल्या टाइट एंडला नोव्हेंबर २०२२ मध्येच मिनेसोटा व्हायकिंग्जकडे दिले होते, त्यामुळे ती जागा भरायची होती हे उघड होते. लापोर्टाच्या लगेच पुढच्या, म्हणजे ३५ व्या क्रमांकावर रेडर्सनी मायकल मेयर हा टाइट एंडच घेतला, यावरून त्या दिवशी या जागेसाठी किती मागणी होती हेही कळते. लापोर्टाने पहिल्याच मोसमात ८६ झेल घेतले, तोवर कुठल्याही नवख्या टाइट एंडने घेतले नव्हते इतके, आणि १० टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या पट्ट्यात नेऊन मिळवलेले गुण) केले.

आता रनिंग बॅकचा मुद्दा. या आक्षेपाचे सर्वांत सबळ रूप पैशाचे आहे आणि ते प्रामाणिकपणे मांडायला हवे. पहिल्या फेरीतील खेळाडू चार वर्षे ठरलेल्या, तुलनेने कमी पगारावर खेळतो आणि पाचव्या वर्षाचा पर्यायही संघाकडे असतो. क्वार्टरबॅक, पास-रशर (क्वार्टरबॅकवर चाल करून जाणारा) किंवा कॉर्नरबॅक अशा महागड्या जागेचा खेळाडू या मार्गाने मिळाला, तर संघाची बचत मोठी होते. रनिंग बॅकचे बाजारभावच कमी असल्याने बचत कमी होते. सर्वसाधारण नियम म्हणून हे खरे आहे. परंतु या नियमात गृहीत धरलेले असते की रनिंग बॅक हा फक्त चेंडू घेऊन धावणारा खेळाडू आहे, आणि गिब्जला त्या कामापुरता घेतलेलाच नव्हता. त्याने २०२३ मध्ये ५२ आणि २०२४ मध्येही ५२ झेल घेतले. २०२४ मध्ये धावून १,४१२ आणि झेलून ५१७ यार्ड काढले आणि एकूण २० टचडाउन केले. प्रतिस्पर्ध्याला ज्याच्यासाठी बचावाची रचनाच बदलावी लागते, असा खेळाडू रिसीव्हरच्या (पास झेलणाऱ्याच्या) नावाखाली बाराव्या क्रमांकावर घेतला असता तर कुणी भुवयाही उंचावल्या नसत्या.

पहिल्या काही आठवड्यांत डेव्हिड माँटगोमेरीच्या मागे राहून गिब्ज मोजकाच खेळला, तेव्हा टीकाकारांना आपले भाकीत खरे ठरल्यासारखे वाटले. मग माँटगोमेरी जखमी असताना ३० ऑक्टोबर २०२३ रोजी रेडर्सविरुद्ध त्याने २६ वेळा चेंडू नेऊन १५२ यार्ड काढले. मात्र माझ्या दृष्टीने या निवडीचे खरे मोल ५ जानेवारी २०२५ च्या रात्री दिसले. लायन्स आणि व्हायकिंग्ज दोघेही १४ विजय व २ पराभव अशा स्थितीत डेट्रॉइटच्या फोर्ड फील्ड मैदानावर आले होते, आणि जिंकणाऱ्याला विभागाचे विजेतेपद तसेच परिषदेतील (लीगच्या दोन गटांपैकी आपल्या गटातील) पहिले मानांकन मिळणार होते. माँटगोमेरी गुडघ्याच्या दुखापतीने तीन आठवडे बाहेर होता आणि सगळा भार गिब्जवर होता. त्याने धावून १३९ यार्ड व तीन टचडाउन केले, चौथा टचडाउन झेल घेऊन केला आणि लायन्सनी सामना ३१-९ असा जिंकला. 'दोन रनिंग बॅक कशाला हवेत' या प्रश्नाचे उत्तर त्या तीन आठवड्यांत मिळाले. डिआंद्रे स्विफ्ट संघात होताच, असेही म्हटले जाते. त्याला ड्राफ्टमध्येच फिलाडेल्फिया ईगल्सकडे देण्यात आले आणि तिथे त्याने २०२३ मध्ये हजारावर यार्ड काढले, हे मान्य. पण त्याच्या जागी आलेला खेळाडू त्याच्यापेक्षा सरस ठरला, हेही तितकेच उघड आहे.

सॅन फ्रान्सिस्कोमधील त्या पराभवाचा दाखलाही दिला जातो. जानेवारी २०२४ मध्ये परिषदेच्या अंतिम सामन्यात लायन्स मध्यंतराला २४-७ असे पुढे होते आणि शेवटी ३४-३१ असे हरले. तिसऱ्या सत्रात क्वार्टरबॅक जॅरेड गॉफ आणि गिब्ज यांच्यातील देवाणघेवाणीत चेंडू सुटला, आणि त्यातून सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सनी बरोबरी साधली. ती चूक मोठी होती आणि आठवली की आजही जीव कासावीस होतो. तथापि ज्या १७ गुणांच्या आघाडीबद्दल आपण हळहळतो, ती मिळवण्यात गिब्जच्या टचडाउनचाही वाटा होता.

'नंतर सहज मिळाला असता' या दाव्याकडे वळू. गिब्जनंतर थेट ५२ व्या क्रमांकापर्यंत दुसरा रनिंग बॅक निवडला गेला नाही, आणि जॅक कॅम्पबेलनंतर त्याच्या प्रकारचा लाइनबॅकर ६७ व्या क्रमांकावर गेला. यावरून असा निष्कर्ष काढला जातो की या दोघांना कुणी विचारतच नव्हते. हा निष्कर्ष चुकीचा आहे. पुढचा रनिंग बॅक ५२ वर गेला यावरून संघांना उरलेले रनिंग बॅक तितके आवडले नव्हते एवढेच कळते. गिब्ज शिल्लक असता तर त्याला कोणी आणि कधी घेतले असते, हे त्यावरून समजत नाही. त्या वर्षी पहिल्या फेरीत जाण्याजोगे रनिंग बॅक दोनच मानले जात होते आणि त्यांपैकी बीजान रॉबिन्सनला अटलांटा फाल्कन्सनी आठव्याच क्रमांकावर उचलले होते. अठराव्या निवडीनंतर लायन्सची पुढची निवड ३४ वी होती, म्हणजे मध्ये पंधरा निवडी इतरांच्या हातात होत्या. ज्याला घ्यायचे हे पक्के ठरले आहे, त्याच्यासाठी पंधरा संधी दुसऱ्यांना देणे शहाणपणाचे होते की नाही, हे वर्तमानपत्रांतील अंदाजी याद्यांवरून ठरत नाही, कारण त्या याद्या करणाऱ्यांना चूक झाली तर काहीच गमवावे लागत नाही.

याच ठिकाणी टीकाकारांची एक बाजू मात्र खरोखर दखल घेण्याजोगी आहे. डेव्हॉन अचेन हा रनिंग बॅक त्याच ड्राफ्टमध्ये ८४ व्या क्रमांकावर मायामी डॉल्फिन्सना मिळाला आणि पहिल्या मोसमात त्याने दर धावेमागे सरासरी ७.८ यार्ड काढले. ही उत्तम निवड होती आणि तिचे श्रेय मायामीला आहे. पण स्वस्तात चांगला खेळाडू मिळू शकतो यावरून महागात घेतलेला खेळाडू वाईट ठरत नाही. अचेन ८४ व्या क्रमांकापर्यंत उरला, याचा अर्थ मायामीसकट जवळजवळ सगळ्याच संघांनी त्याला त्याआधी किमान एकदा सोडले होते.

कॅम्पबेलच्या निवडीला माझ्या मते सर्वांत कमी न्याय मिळाला आहे, म्हणून तिच्याकडे थोडे सविस्तर पाहतो. २०२२ च्या मोसमात लायन्सची सुरुवात एक विजय आणि सहा पराभव अशी झाली, तिथून ते ९-८ पर्यंत आले आणि तरीही बाद फेरीला मुकले. सिएटल सीहॉक्सचेही ९ विजयच होते. परस्परांतील सामना सिएटलने ४८-४५ असा जिंकला असल्याने ते पुढे गेले. एक विजय जास्त असता तर लायन्स आत असते. तो एक विजय कुठे गेला, हे शोधायला फार लांब जावे लागत नाही. २४ डिसेंबर २०२२ रोजी कॅरोलायना पँथर्सनी लायन्सविरुद्ध केवळ धावून ३२० यार्ड काढले आणि सामना ३७-२३ असा जिंकला. त्या दिवशी चेंडू घेऊन मधून येणाऱ्या खेळाडूला पहिल्या धडकेत कुणी पाडतच नव्हते. पाच यार्डांवर थांबायला हवी ती धाव पंधरावर जात होती. हा सामना पाहिलेल्या माणसाने 'मधला लाइनबॅकर ही चैन आहे' असे म्हणणे मला समजत नाही.

कॅम्पबेल आयोवाकडून खेळताना देशातील सर्वोत्तम महाविद्यालयीन लाइनबॅकरचा बटकस पुरस्कार जिंकून आला होता. (प्रशिक्षक डॅन कॅम्पबेल यांचा तो नातेवाईक नाही, आडनाव तेवढे एक आहे.) त्याचा पहिला मोसम साधारण होता, हे मान्य करायलाच हवे, पासच्या बचावात तो गोंधळत होता आणि त्याला प्रत्येक खेळीत मैदानावर ठेवले जात नव्हते. दुसऱ्या मोसमात मात्र पास-रशर एडन हचिन्सनचा पाय ऑक्टोबरमध्ये मोडला, नोव्हेंबरमध्ये लाइनबॅकर ॲलेक्स अँझलोनचा हात मोडला, बचाव फळीतील एकेक जण बाहेर जात राहिला, आणि कॅम्पबेल सतराही सामने खेळून १३१ टॅकल करून (चेंडू घेतलेल्याला पाडून) गेला. ही जागा स्वस्त आहे हा समजही तपासून पाहावा. ड्राफ्टच्या तीनच महिने आधी बाल्टिमोर रेव्हन्सनी रोक्वान स्मिथ या लाइनबॅकरला पाच वर्षांसाठी १० कोटी डॉलरचा करार दिला होता. चांगल्या मधल्या लाइनबॅकरला बाजारात वर्षाला दोन कोटी डॉलर मिळत असतील, तर त्याला नवख्याच्या पगारावर चार वर्षे खेळवणे ही उधळपट्टी कशी?

जागेवरून खेळाडूची किंमत ठरवण्याच्या सवयीबद्दल लायन्सच्या चाहत्यांना तरी इतरांनी सांगण्याची गरज नाही. २०२० मध्ये याच संघाने तिसऱ्या क्रमांकावर जेफ ओकुडा हा कॉर्नरबॅक घेतला होता. जागा महागडी, क्रमांक योग्य, सगळ्यांची संमती. आणि तीन मोसमांनंतर त्याला फाल्कन्सकडे पाचव्या फेरीतील एका निवडीच्या बदल्यात द्यावे लागले. ती १५९ वी निवड. लायन्सनी तीच ४८ व्या निवडीला जोडून ग्रीन बे पॅकर्सकडून ४५ वी निवड घेतली आणि ब्रायन ब्रँचला आणले. पहिल्याच सामन्यात, गतविजेत्या कॅन्सस सिटी चीफ्सच्या मैदानावर, पॅट्रिक माहोम्सचा पास रिसीव्हरच्या हातातून उडाला, तो पकडून ब्रँचने ५० यार्ड धावत टचडाउन केला आणि लायन्स २१-२० असे जिंकले. चेंडू त्याच्याकडे उडाला हे नशीब म्हणता येईल; त्याच्यासाठी तीन जागा वर सरकणे हा निर्णय होता.

राहता राहिले कार्टर आणि गोन्झालेझ. गोन्झालेझ सतराव्या क्रमांकावर न्यू इंग्लंड पेट्रिअट्सकडे गेला आणि उत्तम कॉर्नरबॅक झाला. कार्टर नवव्या क्रमांकावर ईगल्सकडे गेला आणि त्यांच्या विजेत्या बचावाचा कणा ठरला. कार्टर लायन्सच्या आघाडीच्या फळीत असता, तर जानेवारी २०२५ मध्ये बाद फेरीत वॉशिंग्टन कमांडर्सनी ४५ गुण केले असते का, असा विचार माझ्याही मनात येतो. हा आक्षेप बिनतोड नसला तरी रास्त आहे. परंतु तो मांडताना तराजूच्या एका पारड्यात कार्टर आणि ८१ वी निवड, आणि दुसऱ्यात गिब्ज व लापोर्टा दोघेही ठेवावे लागतात. २०२३ मध्ये १९९३ नंतरचे पहिले विभागीय विजेतेपद आणि तीस वर्षांहून जास्त काळानंतर बाद फेरीतील पहिला विजय ज्या संघाने मिळवला, त्याच्या आक्रमणात ही दोन माणसे जवळजवळ प्रत्येक मोक्याच्या क्षणी होती. तुलना अटीतटीची आहे. 'वाया गेली' हा शब्द तिथे बसत नाही.

या ड्राफ्टवर बोट ठेवायचेच असेल तर ते तिसऱ्या फेरीवर ठेवावे. ६८ व्या क्रमांकावर घेतलेला क्वार्टरबॅक हेंडन हूकर २०२५ चा मोसम सुरू होण्याआधी संघातून गेला. ब्रॉड्रिक मार्टिन या बचावपटूसाठी नंतरच्या तीन निवडी देऊन ९६ व्या क्रमांकावर वर सरकले गेले आणि तो फारसा मैदानावर आलाच नाही. ब्रॅड होम्स यांना जाब विचारायचा असेल, तर मी हे दोन प्रश्न आधी विचारेन.