ऐरोली-दिघ्याच्या टॉवरमधून ‘वीज गळत’ नाहीये

सोसायट्यांच्या ग्रुपवर दोन दिवस एक मेसेज फिरतोय: ‘ऐरोली-दिघा पट्ट्यात हाय टेन्शन तारांतून वीज गळतेय, निळा उजेड दिसतोय, किरणोत्सर्ग होतोय, खिडक्या बंद ठेवा.’ सोबत रात्रीचा फोटो.

फोटो खरा असू शकतो, पण अर्थ चुकीचा लावलाय. हा कोरोना डिस्चार्ज, म्हणजे जास्त दाबाच्या तारेभोवतीच्या हवेतून होणारा बारीक विद्युत विसर्ग (विषाणूशी संबंध नाही). कोरड्या हवेत दर सेंटिमीटरला साधारण ३० किलोव्होल्टपर्यंत ताण गेला की हवेचे रेणू आयनीभूत, म्हणजे विद्युतभारित होतात. पावसात तारेच्या खाली थेंब लोंबतात, विद्युत क्षेत्रात ते ताणले जाऊन टोकदार होतात आणि नेमकं त्या टोकाशी क्षेत्र एकवटतं. म्हणून उन्हाळ्यात शांत असलेली लाइन जुलैत तळणाऱ्या कढईसारखी चरचरते. त्यात मिसळलेली घूं ही १०० हर्ट्झची, म्हणजे आपल्या ५० हर्ट्झच्या दुप्पट. जांभळट उजेड नायट्रोजनचा. डोळ्यांना तो जेमतेम दिसतो. मोबाईलचा नाइट मोड मात्र त्याची दिवाळी करतो!

थोडी वीज वाया जाते, थोडा ओझोन तयार होतो. हे दोन्ही खरं. किरणोत्सर्ग नाही. ४०० किलोव्होल्टच्या लाइनवर एका फेजला दोन किंवा जास्त तारा जोडीने असतात, त्या मुख्यतः हा कोरोना कमी ठेवायला.

लाइनखाली छत्रीच्या दांड्यातून हलका झटका बसला, तर तो विद्युत क्षेत्राचा प्रकार, गळती नव्हे. मात्र इन्सुलेटरवर (तार टॉवरपासून वेगळी धरणाऱ्या चकत्यांवर) कडकड ठिणग्या उडत असतील किंवा तार खाली लोंबत असेल, तर लांब थांबा आणि १९१२ या वीज तक्रारीच्या नंबरवर कळवा.