वाटेत उतरा, पण राजधानीत नको

मुंबईहून अमेरिकेला जाताना मध्ये दोन-तीन दिवस युरोपात थांबायचं, हा बेत हल्ली आमच्या ओळखीतल्या प्रत्येक घरात एकदा तरी शिजतो. विमान ॲमस्टरडॅमवरून नाहीतर फ्रँकफर्टवरून जाणार हे तिकीट बघताना कळतं आणि कुणीतरी म्हणतं, "मग उतरूयाच की!" अर्ध्या तासात त्या दोन दिवसांत पॅरिस, ब्रुसेल्स आणि जमलंच तर एखादा बर्फाचा डोंगरही बसवलेला असतो. व्हॉट्सॲपच्या फॅमिली ग्रुपवर नकाशे फिरायला लागतात. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना मात्र यातलं कुणी काही विचारत नाही.

माझं मत स्पष्ट आहे. घरात सत्तरीचे आईवडील आणि शाळेतलं मूल असेल, तर जरूर उतरा. पण राजधानीत मुक्काम करू नका. विमानतळापासून वीस-पंचवीस मिनिटांवरचं एखादं छोटं गाव निवडा, तिथे दोन रात्री राहा, फार तर तीन, आणि त्या गावातून बाहेर पडण्याचा हट्ट सोडा. दिराकडे न्यूजर्सीला जाताना आम्ही हेच केलं. सासू-सासरे, नवरा, दहा वर्षांची लेक आणि मी. उतरलो ॲमस्टरडॅमच्या स्खिपोल विमानतळावर आणि राहिलो लायडनला.

आधी पैशांचं बोलू, कारण बेत खरा तिथे अडतो. अमेरिकेचा व्हिसा पासपोर्टवर असला तरी तेवढ्यावर युरोपात विमानतळाबाहेर पडता येत नाही. शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा, वेगळा काढावाच लागतो. जून २०२४ पासून त्याची फी मोठ्यांना ९० युरो आणि ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५ युरो आहे, त्याहून लहान मुलांना माफ. म्हणजे आमच्यासारख्या पाच जणांचे ४०५ युरो झाले, चाळीस हजार रुपयांच्या पुढेच. व्हिसा केंद्राची सेवा फी वेगळी आणि किमान ३० हजार युरोंचं संरक्षण देणारा प्रवास विमा वेगळा. एवढा खर्च करून एकच रात्र राहायचं हे मला पटत नाही. चोवीस तासांच्या आत पुढचं विमान असेल तर सामान बहुतेक वेळा थेट शेवटच्या मुक्कामापर्यंत जातं आणि तिकीटही वाढत नाही, हे खरं. एकट्यादुकट्या तरुण माणसाने तसं खुशाल करावं. आजी-आजोबांना घेऊन ते म्हणजे नुसती वरात.

जाताना उतरायचं की येताना, यावर आमच्याकडे बरीच खडाजंगी झाली. सासऱ्यांचं म्हणणं, येताना उतरू, तेव्हा डोक्याला ताप नसतो. पण शेंगेन व्हिसासाठी अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी करता येतो, आणि तो साधारणपणे आपण राहतो त्या देशातूनच करायचा असतो. नातवंडं सांभाळायला म्हणून पाच-सहा महिने राहणाऱ्या आईवडिलांनी येतानाच्या युरोपचा अर्ज कधी करायचा? निघण्याच्या आदल्या आठवड्यात? शिवाय शरीराचंही गणित आहे. उन्हाळ्यात मुंबई आणि न्यूयॉर्क यांच्यात साडेनऊ तासांचं अंतर असतं. वाटेत नेदरलँड्सला थांबलं की आधी साडेतीन तास सोसायचे आणि मग सहा. हिवाळ्यात साडेचार आणि सहा. पश्चिमेकडे जाताना दिवस लांबतो, तो सोसायला तसाही सोपा. सासूबाई न्यूजर्सीत पहिल्या संध्याकाळी जेवणाच्या ताटावर डुलक्या न घेता बसल्या, याचं श्रेय मी लायडनला देते.

जाताना उतरण्यात एक अडचण मात्र आहे आणि ती आपल्या मराठी घरांत हमखास येते: बॅगेतला खाऊ. मुक्काम चोवीस तासांच्या वर गेला की मोठ्या बॅगा तुमच्या ताब्यात येतात आणि त्या घेऊन तुम्ही युरोपियन युनियनच्या कस्टम्समधून जाता. बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला तिथे दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. म्हणजे पेढे, बर्फी, पनीर आणि घरचं कढवलेलं तूपसुद्धा. ताजी फळं आणि पालेभाज्या रोपांच्या आरोग्याच्या दाखल्याशिवाय चालत नाहीत. त्यातून सूट फक्त पाच फळांना: केळी, नारळ, अननस, खजूर आणि ड्युरियन. आंबा त्या यादीत नाही. कढीपत्ताही नाही. धाकट्या मुलासाठी घेतलेली तुपाची बरणी घरीच ठेवायची म्हटल्यावर सासूबाईंनी जो चेहरा केला, त्यापुढे कस्टम्सचा अधिकारी परवडला असता. चकली, पापड, लोणचं, सुके मसाले यांना काही अडचण आली नाही. मोठ्या बॅगा आम्ही विमानतळावरच पैसे भरून ठेवल्या आणि प्रत्येकी एक पाठीवरची पिशवी घेऊन बाहेर पडलो. हे मात्र कराच. माणशी तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा घेऊन रेल्वेत चढणं म्हणजे दादर स्टेशनवर लग्नाचं सामान उतरवण्यासारखं आहे.

आता लायडनच का? स्खिपोलचं रेल्वे स्टेशन टर्मिनलच्या बरोबर खाली आहे. लिफ्टने खाली उतरायचं आणि गाडीत बसायचं, वीस मिनिटांच्या आत लायडन. ॲमस्टरडॅमही साधारण तेवढंच लांब, मग तिथेच का नाही राहायचं, असं नवरा विचारत होता. त्याला मी हॉटेलांचे जिने दाखवले. कालव्याकाठच्या जुन्या, अरुंद घरांमध्ये थाटलेल्या कित्येक हॉटेलांना लिफ्ट नाही आणि जिने जवळजवळ शिडीसारखे उभे. वर खोलीच्या भाड्यावर साडेबारा टक्के पर्यटन कर. तिथली गर्दी आणि सायकलींचे लोंढे यांतून गुडघ्याचा पट्टा लावलेल्या माणसाला हात धरून न्यायचं, तर सुट्टी कुणाची आणि कसली! ॲमस्टरडॅम सुंदर आहे, २०१० पासून तिथले कालवे जागतिक वारशात आहेत, रेम्ब्रांटचं ते रात्रीच्या पहाऱ्याचं प्रचंड चित्र तिथेच आहे. पण ते शहर सवड मागतं. रेम्ब्रांट स्वतः १६०६ साली जन्मला लायडनमध्ये, एवढ्यावर मी नवऱ्याची समजूत काढली.

मुंबईची विमानं मध्यरात्री निघतात आणि तिकडे भल्या सकाळी पोचतात. हॉटेलची खोली मिळते दुपारी तीनला. मधले सात-आठ तास म्हाताऱ्या माणसांनी लॉबीतल्या खुर्चीवर काढायचे का? म्हणून खोली आदल्या रात्रीपासूनच घ्या, आणि "आम्ही सकाळी येणार आहोत" असं हॉटेलला लेखी कळवा, नाहीतर रात्री कुणी आलं नाही म्हणून ते बुकिंग रद्द करू शकतात. एका रात्रीचं भाडं जास्तीचं जातं, पण या सगळ्या प्रवासात सगळ्यात सार्थकी लागलेला खर्च मला तोच वाटला. आंघोळ, चहा आणि दोन तास आडवं होणं. सासरे त्यानंतरच माणसात आले.

दुसऱ्या दिवशी पहाटे चारला आमचं अख्खं घर टक्क जागं. भारतात साडेसात वाजलेले, दुसरं काय होणार? जूनमध्ये तिथे साडेपाचच्या आत उजाडतं. रिकाम्या गावात कालव्याच्या काठाने फिरायला गेलो तेव्हा बदकं आणि आम्ही, एवढेच रस्त्यावर. लायडनच्या भिंतींवर जगभरातल्या कविता मूळ लिपीत रंगवलेल्या आहेत. १९९२ पासून हे चालू आहे आणि शंभरच्या वर भिंती झाल्या आहेत. लेकीने लिप्या ओळखायचा खेळ काढला. अरबी, चिनी, रशियन. एरवी मोबाइलमधून डोकं वर न काढणारी पोरगी.

दिवसाला एकच ठरवलेली गोष्ट, बाकी सगळं जमेल तसं. हा नियम आम्ही पाळला. एक दिवस नॅचरॅलिस हे निसर्गविज्ञानाचं संग्रहालय. तिथे ट्रिक्स नावाची टी-रेक्स डायनासोर आहे, २०१३ साली अमेरिकेतल्या मोंटानात सापडलेली. हाडांचा सांगाडा इतका पूर्ण क्वचितच मिळतो. लेक तिच्याभोवती घिरट्या घालत होती आणि आजी-आजोबा बाकावर बसून तिच्याकडे बघत होते. दुसऱ्या दिवशी विद्यापीठाची वनस्पतिबाग, १५९० साली स्थापन झालेली. हॉलंडमधला ट्यूलिप पहिल्यांदा फुलला तो १५९४ साली इथे. जूनमध्ये ट्यूलिप नसतात, त्यांचा हंगाम मार्च अखेर ते मेच्या सुरुवातीपर्यंत, पण सासूबाईंना त्याचं दुःख नव्हतं. काचघरात केळ आणि कमळ बघून त्या म्हणाल्या, "एवढ्या लांब येऊन बघायचं काय, तर केळ?" आणि तिथेच अर्धा तास रमल्या.

पवनचक्कीसाठीही कुठे लांब जावं लागलं नाही. 'द फाल्क' नावाची १७४३ सालची सात मजली पवनचक्की स्टेशनपासून चालत पाच-सात मिनिटांवर उभी आहे. आतले जिने चढायला वाईट, तेव्हा आम्ही दोघं लेकीला घेऊन वर गेलो, आणि ज्येष्ठ मंडळींनी खालून फोटो काढले. बुधवारी आणि शनिवारी कालव्याकाठी बाजार भरतो, चीज, फुलं, मासे. सासऱ्यांनी कच्च्या हेरिंगकडे बराच वेळ आदराने पाहिलं, खाल्लं मात्र नाही.

जेवणाबद्दल लोक उगाच घाबरवतात. नेदरलँड्समध्ये सुरीनामी, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या एकेकाळच्या डच वसाहतीतून आलेल्या लोकांच्या, दुकानांत 'रोटी' मिळते आणि ती खरोखरच आपली रोटी असते. १८७३ साली 'लल्ला रूख' हे जहाज कलकत्त्याहून सुरीनामला मजूर घेऊन गेलं आणि १९१६ पर्यंत सुमारे ३४ हजार माणसं तशीच गेली. सुरीनाम १९७५ ला स्वतंत्र झालं, त्या सुमारास त्यांच्यातले पुष्कळ जण नेदरलँड्सला आले. म्हणून आज तिथे बटाट्याची रस्साभाजी, चवळीच्या लांब शेंगा आणि मऊ रोटी असं ताट मिळतं. नेहमी सोबत कोंबडी असते, पण मागितलं की बिनमांसाचंही देतात. काउंटरवरच्या मावशींशी सासूबाई त्यांच्या पुणेरी हिंदीत बोलल्या, मावशी त्यांच्या भोजपुरी वळणाच्या सरनामीत, आणि भाजी दोनदा वाढून मिळाली. माझ्या मते या मुक्कामातला सगळ्यात चांगला तास तो होता. आणि तो कुठल्याच "काय काय पाहाल" यादीत नव्हता.

डच लोक संध्याकाळी सहाला जेवतात, हेही आपल्या पथ्यावर पडतं, कारण आठ वाजले की आपल्या शरीरात साडेअकरा वाजलेले असतात. फक्त जूनमध्ये दहापर्यंत उजेड असतो. पडदे जाड आहेत ना, हे खोली घेताना विचारा.

बारीकसारीक दोन गोष्टी. रेल्वे स्टेशनच्या फाटकावर बँकेचं कार्ड टेकवून आत जाता येतं, पण एका कार्डावर एकच माणूस. निघण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये परदेशी वापर आणि टॅप दोन्ही चालू करा, किंवा सरळ मशिनवरून तिकिटं घ्या. मुलांचं तिकीट वेगळं असतं. दुसरं म्हणजे १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर शिक्क्याऐवजी संगणकीय नोंद सुरू झाली आहे, त्यामुळे रांगेला वेळ धरून ठेवा. आईवडिलांसाठी व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागा. सासऱ्यांनी "मी काय म्हातारा झालोय का" म्हणून आधी नाकारली होती, स्खिपोलचे लांबलचक कॉरिडॉर बघितल्यावर तेच आधी जाऊन बसले.

विमान दुसरीकडून जात असेल तरी हाच हिशेब लावता येतो. फ्रँकफर्टला उतरणाऱ्यांनी माइन्झ बघावं. विमानतळावरून थेट लोकल आहे, अर्धा तास. छपाईवाल्या गुटेनबर्गचं गाव, शेजारी ऱ्हाइन नदी, आणि सेंट स्टेफान चर्चमध्ये शगाल या चित्रकाराने केलेल्या निळ्या काचा. म्युनिकला उतरलात तर फ्रायझिंग, तेही बसने वीसेक मिनिटांवर. पॅरिसला हे लागू नाही. पॅरिसमध्ये उतरून पॅरिस न बघण्याइतकी कठोर मी नाही, पण मग पाच दिवस तरी काढा आणि अमेरिकेची तिकिटं त्या बेताने घ्या.

आमच्या ग्रुपवर आता कुणीतरी विचारलंय की लायडनहून एका दिवसात ब्रुसेल्स होतं का. होतं. सकाळी निघून रात्री परत येता येतं. फक्त आजी-आजोबांना विचारून घ्या, आणि ते "तुम्ही जा, आम्ही इथेच बाजारात फिरतो" म्हणाले तर त्यांना खरंच मागे राहू द्या. हॉटेलचं कार्ड त्यांच्या खिशात असलं की झालं. अमेरिकेच्या विमानाला गेटवर जादा तपासणी आणि प्रश्नोत्तरं असतात, त्यामुळे निघायच्या दिवशी तरी सगळे तीन तास आधी स्खिपोलला पोचा. ठेवलेल्या बॅगा सोडवायला त्यातला निम्मा तास जातोच.