वार पडायची वाट बघू नका, करडाला आधी चीक पाजा

"अक्का, एक करडू गेलं. दुसरं मान टाकायलंय." तुळजापूर तालुक्यातल्या माझ्या चुलत बहिणीचा पहाटे साडेपाचला फोन आला. तिची उस्मानाबादी शेळी रात्री नऊला व्याली होती. पहिलं वेत, दोन करडं. साडेआठ तासांत त्या करडांच्या पोटात चिकाचा, म्हणजे व्याल्यावरच्या पहिल्या दुधाचा, एक थेंब गेला नव्हता. का, तर गावातल्या ग्रुपवर आलेला मेसेज: "शेळी व्याल्यावर पाळायचे पाच नियम." हाच मेसेज दोन महिन्यांत मला तीन ठिकाणांहून आलाय. तेव्हाच उत्तर द्यायला हवं होतं. आता देते.

नियम थोडक्यात असे. एक, वार (व्याल्यावर गर्भाशयातून पडते ती) पडेपर्यंत करडाला सडाला लावू नये. दोन, कास फुगून कडक झाली तरी हाताने धार काढू नये, शेळी आटते. दमदार करडू आपोआप पितं. तीन, पिवळा चीक जड असतो, हगवण लागते, म्हणून उकळून पाजावा. चार, तोवर गाईच्या दुधात तूप घालून द्यावं. पाच, पहिल्या दिवशी कास पूर्ण रिकामी करू नये.

पहिल्या नियमानेच ते करडू मेलं, म्हणून त्यावर सगळ्यात जास्त बोलणार आहे. माणसाच्या बाळाला आईच्या पोटात असतानाच वारेतून बरीचशी रोगप्रतिकारशक्ती मिळते. शेळीचं तसं नाही. तिच्या वारेची रचनाच अशी की आईच्या रक्तातली प्रतिपिंडं करडापर्यंत पोचत नाहीत. करडू जन्मतं ते रोगाशी लढायला रिकाम्या हाताने. त्याला जे मिळायचं ते चिकातूनच, आणि त्यालाही मुदत असते. करडाचं आतडं ही प्रतिपिंडं पहिल्या काही तासांत सगळ्यात जास्त शोषून घेतं, मग तासातासाला ते कमी होत जातं आणि साधारण २४ तासांत दार बंद होतं. हे माझं म्हणणं नाही. १९५५ पासून निघणारं आणि जगभरचे पशुवैद्य हाताशी ठेवतात ते मर्क व्हेटर्नरी मॅन्युअल हेच सांगतं. इंटरनेटवर फुकट वाचता येतं. मेसेज पुढे ढकलण्याआधी ते एकदा उघडायचं होतं.

आणि वारेचं म्हणाल तर गोष्ट नेमकी उलटी आहे. करडू सडाला लागलं की शेळीच्या अंगात ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक सुटतं. त्यानेच पान्हा येतो आणि त्यानेच गर्भाशय आकसतं. म्हणजे पाजल्याने वार अडत नाही, पडायला मदतच होते. बारा तास उलटूनही वार पडली नाही तर डॉक्टरांना बोलवा, ओढू नका. पण त्यासाठी करडाला उपाशी ठेवायचं हे कुठलं शहाणपण?

दुसरा नियम तितकाच घातक. बहिणीकडे वार रात्री एकला पडली. मग तिने करडं सडाला लावली, पण तोवर कास घागरीसारखी तट्ट झाली होती. सड इतके टरारलेले की करडाच्या इवल्या तोंडात मावत नव्हते. कासेची कातडी चाटायचं, मांडीला ढुशा द्यायचं, दमून बसायचं. त्यात पहिलारू शेळी, कास दुखतेय, ती लाथा झाडतेय. "दमदार करडू आपोआप पितं" लिहिणाऱ्याने असली कास कधी हातात घेतलीय का?

सोलापूरहून पोचायला मला तास गेला. जिवंत करडाच्या तोंडात बोट घातलं तर तोंड गार. गार करडाला काही पाजायचं नसतं; त्याला नीट गिळता येत नाही आणि दूध फुप्फुसात जातं. आधी त्याला गोधडीत गुंडाळलं, पोटाशी कोमट पाण्याची बाटली ठेवली. तोवर बहिणीने शेळीला भिंतीशी धरलं आणि मी कोमट पाण्यात फडकं पिळून दहा मिनिटं कास शेकली. मग सड हलक्या हाताने पिळला. पहिल्यांदा काहीच आलं नाही, नंतर मेणासारखा एक पांढरा खडा सुटून पडला आणि पाठोपाठ मधासारखी पिवळी धार लागली. ही सडाची बूच दमदार करडू स्वतः फोडतं, पण फुगलेल्या सडावर अशक्त करडाला ते जमत नाही. सड मऊ पडून दोन बोटांत धरता येईपर्यंतच धारा काढल्या, स्वच्छ वाटीत.

करडाचं तोंड ऊबदार झाल्यावर त्याला सडाशी नेलं. डोकं दाबायचं नाही, दाबलं की ते मागे ओढतं. हनुवटीखाली हात, ओठांवर चिकाचा थेंब, आणि आई चाटते तसं शेपटीच्या मुळाशी खाजवायचं. तिसऱ्या खेपेला त्याने सड धरला. शेपटी हलायला लागली तेव्हा बहीण रडली. सडाला लागलंच नसतं तर वाटीतला चीक बाटलीने थोडा थोडा पाजला असता. दोन किलोच्या करडाला पहिल्या दिवसात निदान २०० मिली चीक लागतो, त्यातला निम्मा जितक्या लवकर जाईल तितका बरा.

बाकीचं पटकन. चिकाने हगवण लागत नाही. करडाची पहिली शी काळी चिकट असते, मग पिवळी चिकट होते, तीच बघून लोक घाबरतात. आणि चीक उकळल्यावर काय होतं हे मराठी माणसाला सांगावं लागावं? खरवस होतो. प्रतिपिंडं ही प्रथिनंच, ती शिजून गेली की खरवस आपल्या ताटात शोभतो, करडाच्या कामाचा राहत नाही. गाईचं दूध अन् तूप म्हणजे नुसतं पोट भरणं. त्यात चिकातलं संरक्षण नाही.

पाचव्या नियमात मात्र तथ्य आहे, मान्य करते. भरपूर दुधाच्या शेळीची कास व्याल्याबरोबर पार पिळून काढली तर रक्तातलं कॅल्शियम उतरून ती खाली बसून राहू शकते, उठता येत नाही. पण पूर्ण रिकामी करू नये आणि हातच लावू नये, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

एक मात्र तपासा. कास एकाच बाजूने दगडासारखी, गरम आणि लाल असेल, धारेत गाठी किंवा पाणी असेल, शेळीने चारा सोडला असेल, तर ती दगडी, म्हणजे कासेचा दाह, आहे. तिथे शेकत बसू नका, डॉक्टर बोलवा आणि करडाला दुसऱ्या ताज्या व्यालेल्या शेळीचा चीक द्या.

बहिणीची दुसरी शेळी येत्या आठवड्यात व्यायची आहे. दोघा करडांना पुरेल एवढा चीक आला होता आणि पिणारं एकच उरलं. उरलेला चीक दोन छोट्या बाटल्यांत भरून, तारीख लिहून, शेजारच्या काकूंच्या फ्रीजरमध्ये ठेवलाय. बाटलीवर तिने स्वतःच्या हाताने लिहिलंय: "कोमट पाण्यात ठेवून पातळ करणे. उकळू नये."